भूतबंगला, जादूघर की गवंड्यांची सभा? मुंबईच्या फ्रीमेसन हॉलची खरी गोष्ट

मुंबईत सीएसएमटीला उतरून फोर्ट भागात शिरलं की काही मिनिटांच्या चालीवर डी. सुखडवाला मार्ग लागतो. जुनं नाव रॅव्हलिन स्ट्रीट. या गल्लीत उंच खांबांची एक जुनी दगडी इमारत उभी आहे. नाव फ्रीमेसन्स हॉल, बांधकाम १८९७ च्या सुमाराचं. हायकोर्टाच्या तारखेला, मंत्रालयात कामाला किंवा जे. जे. ला पेशंट घेऊन गेलेली कितीतरी माणसं या भागातून जातात, पण आत काय चालतं याचा पत्ता क्वचितच कुणाला असतो.

अशा इमारती एकट्या मुंबईत नाहीत. इंग्रजांच्या काळात देशभरातल्या छावण्यांमध्ये आणि मोठ्या शहरांमध्ये त्या उभ्या राहिल्या. लोकांनी त्यांना आपापली नावं दिली. कुठे ‘भूतबंगला’, कुठे ‘जादूघर’. आता मोबाईल आल्यापासून त्यात आणखी भर पडली आहे. ‘जगावर राज्य करणारी गुप्त संघटना’, ‘सैतानाची पूजा’, ‘नोटेवरचा डोळा’ असे व्हिडिओ गावागावांच्या ग्रुपवर फिरत असतात.

यातलं खरं किती आणि उगाच पसरवलेलं किती, हे बघायला गेलं तर एक वेगळीच गोष्ट हाती लागते. या हॉलमध्ये भूत नव्हतं. भांडण होतं, आणि ते या गोष्टीचं होतं की आत कुणाला घ्यायचं आणि कुणाला दारातच थांबवायचं.

मेसन म्हणजे गवंडी

आधी नावाचा उलगडा करू. इंग्रजीत मेसन म्हणजे दगडाचं काम करणारा, आपल्या भाषेत गवंडी किंवा पाथरवट. युरोपात जुन्या काळी मोठमोठी चर्चेस बांधायला पन्नास-पन्नास वर्षं लागायची. कामावरचे गवंडी बांधकामाशेजारी शेड टाकून राहायचे, तिथेच हत्यारं ठेवायचे, जेवायचे, मजुरीचे नियम ठरवायचे. त्या शेडला म्हणायचे लॉज. आज लॉज म्हटलं की एसटी स्टँडजवळची मुक्कामाची खोली डोळ्यासमोर येते, पण या संघटनेच्या शाखेलाही लॉजच म्हणतात, ते या शेडवरून.

त्या काळी कसबी गवंड्याकडे प्रमाणपत्र नसायचं. नव्या गावात कामाला गेला तर तो खरोखर शिकलेला आहे हे कसं कळणार? म्हणून खुणा आणि परवलीचे शब्द असायचे, असं सांगतात. शिकाऊ कोण, कारागीर कोण आणि उस्ताद कोण हे त्यावरून ओळखायचं.

पुढे इंग्लंड-स्कॉटलंडात या मंडळींत बांधकामाशी काही संबंध नसलेले लोक शिरू लागले. जमीनदार, वकील, व्यापारी, लष्करी अधिकारी. हळूहळू गवंडी मागे पडले आणि त्यांची भाषा तेवढी उरली. २४ जून १७१७ रोजी लंडनमधल्या चार लॉजनी एकत्र येऊन मुख्य संस्था स्थापन केली. आजची फ्रीमेसनरी तिथून मोजली जाते.

या संघटनेची खूण आपल्या गावातला कोणताही गवंडी ओळखेल: एक गुण्या आणि एक कंपास. गुण्या म्हणजे भिंतीचा कोपरा काटकोनात आहे की नाही ते बघायचं हत्यार. ओळंबा, पाणसळ, हातोडा, छिन्नी, हे सगळं त्यांच्या विधीत येतं, आणि प्रत्येकाला एक शिकवण जोडलेली असते. गुण्यासारखं वागणं सरळ ठेवा. ओळंब्यासारखे ताठ उभे राहा. पाणसळ सांगते की सगळी माणसं एका पातळीवर. शिकवण वाईट म्हणता येणार नाही. ती पाळली गेली का, हा प्रश्न पुढे येतोच.

पलटणीबरोबर आलेली सभा

भारतात ही मंडळी ईस्ट इंडिया कंपनीबरोबर आली. कलकत्त्यात १७३० च्या आसपास पहिलं लॉज सुरू झालं, मुंबईत १७५८ साली. घरापासून सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासावर आलेल्या साहेबाला इथे ओळखीचं असं फारसं काही नव्हतं. लॉजमध्ये त्याला आपली भाषा, आपलं जेवण आणि अडचणीला मदत करणारे ‘भाऊ’ मिळायचे. कुणी मेला तर विधवेला आणि पोरांना मदत व्हायची.

लष्करातल्या काही लॉजना तर फिरता परवाना असायचा. पलटण हलली की लॉजची पेटीही तिच्याबरोबर हलायची. म्हणून या सभा बंदरांपुरत्या राहिल्या नाहीत, त्या छावणीत शिरल्या. पुण्याच्या कॅम्पातही लॉज होतं. जिथे छावणी मोठी, क्लब मोठा, तिथे बहुतेक वेळा मेसनही असायचे.

आत नक्की काय व्हायचं?

लोकांना भीती का वाटायची हे समजून घेतलं पाहिजे, कारण ती अगदीच बिनबुडाची नव्हती.

सभा बहुधा संध्याकाळी भरायची. दारं बंद, बाहेरचं काही आत दिसू नये अशी खिडक्यांची रचना. दारावर नंगी तलवार घेतलेला पहारेकरी, त्याला टायलर म्हणतात. काळ्या कपड्यांतले साहेब गाड्यांतून उतरणार, कमरेला पांढरा एप्रन बांधणार आणि आत जाणार. तो एप्रन म्हणजे दगड फोडणाऱ्याच्या पुढच्या कातड्याची आठवण. बाहेर उभ्या असलेल्या घोडेवाल्याला आणि खानसाम्याला एवढंच दिसायचं. विचारलं तर कुणी सांगणार नाही. मग तर्क सुरू व्हायचे.

आतली खोली लांबट चौकोनी. जमिनीवर बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या-पांढऱ्या फरशा. पूर्वेला प्रमुखाचं आसन, कारण सूर्य पूर्वेला उगवतो. मध्ये धर्मग्रंथ, त्यावर गुण्या आणि कंपास.

नव्या माणसाला आत घेताना त्याच्या खिशातले पैसे, अंगठी, धातूची प्रत्येक वस्तू काढून घेतात. अर्थ असा की इथे येताना श्रीमंत-गरीब कुणी नाही. डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोरीचा फास, विजारीचा एक पाय गुडघ्यापर्यंत वर. मग शपथ. जुन्या शपथेत गुपित फोडलं तर गळा चिरण्याची भाषा होती. ही शिक्षा कुणाला खरोखर द्यायची नसायची, पण शब्द तसे होते. नंतर इंग्लंडमधल्या मुख्य संस्थेने ते शपथेतून काढले.

पायऱ्या तीन: शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद. तिसऱ्या पायरीला एक नाटक होतं. सॉलोमन राजाचं मंदिर बांधणारा मुख्य कारागीर हिराम याला तिघांनी गाठलं. उस्तादांचा गुप्त शब्द सांग म्हणाले. त्याने सांगितला नाही, म्हणून त्याला मारून टाकलं. दीक्षा घेणाऱ्याला हिरामच्या जागी ठेवतात. तो मेल्यासारखा पडतो आणि मग त्याला हात धरून उठवतात. कुणा नोकराने दाराच्या फटीतून हे पाहिलं असेल, तर मेलेला माणूस उठवतात ही गोष्ट गावभर व्हायला किती वेळ लागणार?

थोडक्यात, भूतबंगल्याच्या गोष्टीमागे एक नाटक होतं. तसं पाहिलं तर दशावतार, बोहाडा, गोंधळ ज्याने कधीच पाहिलेला नाही अशा परक्या माणसाने तो बंद दाराच्या फटीतून पाहिला, तर तोही असंच काहीतरी सांगेल.

जे. जे. हॉस्पिटलचा पाया

मुंबईकरांना हे मेसन रस्त्यावर उघडपणे दिसले ते १८४३ च्या जानेवारीत. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभ्या राहणाऱ्या हॉस्पिटलची कोनशिला त्या वेळी बसवली गेली. तेच आजचं जे. जे. हॉस्पिटल, जिथे राज्याच्या कानाकोपऱ्यातून पेशंट जातात. कोनशिलेचा समारंभ मेसन पद्धतीने झाला आणि तो पार पाडला डॉ. जेम्स बर्न्स यांनी. ते कंपनीच्या नोकरीतले डॉक्टर आणि पश्चिम भारतातल्या स्कॉटिश लॉजचे प्रमुख होते.

मेसन पद्धतीत कोनशिला गुण्याने, ओळंब्याने आणि पाणसळीने तपासतात, मग तिच्यावर धान्य, मद्य आणि तेल वाहतात. आपल्याकडे पायाभरणीला नारळ फोडतात, हळदकुंकू वाहतात, कोपऱ्यात पंचरत्न ठेवतात. दोन्हीकडे भाव एकच की काम तडीला जाऊ दे.

पण याच १८४३ साली मुंबईतल्या एका माणसाला मेसनांनी दारातून परत पाठवलं होतं.

माणेकजींना नकार

माणेकजी करसेटजी हे मुंबईचे पारशी गृहस्थ. जन्म १८०८ चा. इंग्रजी उत्तम, पुढे स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश झाले. मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी आयुष्यभर खटपट केली. १८६३ साली फोर्टात सुरू झालेली अलेक्झांड्रा मुलींची शाळा ही त्यांच्या खटपटीचं फळ.

त्यांना मेसन व्हायचं होतं. मुंबईतल्या ‘पर्सिव्हरन्स’ नावाच्या लॉजमध्ये त्यांनी प्रयत्न केला. तिथे सगळे गोरे. त्यांनी घेतलं नाही.

मेसनांची मतदानाची पद्धत इथे सांगायला हवी. पेटीत प्रत्येक जण गुपचूप एक गोटी टाकतो. पांढरी म्हणजे घ्या, काळी म्हणजे नको. काळ्या गोट्या दोन-तीन पडल्या तरी माणूस बाद. कुणी टाकली हे कळत नाही आणि कारण द्यावं लागत नाही. ज्याला नाकारलं, त्याने जाब कुणाला विचारायचा?

माणेकजी पुढे युरोपात गेले. इंग्लंडमध्येही काम झालं नाही. शेवटी फ्रान्समध्ये, पॅरिसच्या लॉजने त्यांना दीक्षा दिली. म्हणजे आता ते रीतसर मेसन. नियमाप्रमाणे जगातल्या कुठल्याही मेसनाने त्यांना भाऊ मानायला हवं. ते मुंबईत परतले, तरी त्या लॉजचं दार त्यांना उघडलं नाही.

हे डॉ. बर्न्स यांना आणि त्यांच्या विचाराच्या काही इंग्रजांना पटलं नाही. डिसेंबर १८४३ मध्ये त्यांनी नवं लॉज काढलं. नाव ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’, म्हणजे पश्चिम भारताचा उगवता तारा. हे खास देशी लोकांसाठी होतं. सुरुवातीच्या सभासदांत पारशी आणि मुसलमान होते. गोरे अधिकारी आणि देशी माणसं एका खोलीत, एकाच रांगेत, एकमेकांना भाऊ म्हणत बसली. त्या काळात कचेरीत साहेबासमोर देशी कारकुनाला खुर्चीही मिळायची नाही, हे लक्षात घेतलं म्हणजे ही गोष्ट किती मोठी होती ते कळतं.

पण यातली मेख बघा. गोऱ्यांच्या जुन्या लॉजने दार उघडलं नाहीच. देशी माणसांसाठी वेगळी चूल मांडली गेली.

शपथ कशावर घ्यायची?

पारशी आले, मुसलमान आले. हिंदूंचं काय?

मेसन व्हायला एक अट आहे: एका परमेश्वरावर विश्वास हवा. ख्रिस्ती माणूस बायबलवर हात ठेवून शपथ घेतो. पारशी अवेस्तावर, मुसलमान कुराणावर. हिंदूंच्या बाबतीत साहेबांनी दोन शंका काढल्या. यांचे देव अनेक, मग यांचा विश्वास एका देवावर कसा म्हणायचा? आणि कुठल्या ग्रंथावर घेतलेली शपथ यांना बांधून ठेवील? तिसरी अडचण जातीची. सभेनंतर पंगत असते, आणि जो माणूस दुसऱ्याच्या हातचं खात नाही तो भाऊ कसा, असंही विचारलं गेलं.

ही शेवटची शंका आपल्याला बोचणारी आहे, कारण ती खोटी नव्हती.

कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त या बंगाली गृहस्थांनी १८६३ पासून हा प्रश्न लावून धरला. अर्ज, पत्रं, नकार, पुन्हा अर्ज. जवळपास नऊ वर्षं गेली. १८७२ साली ‘अँकर अँड होप’ या लॉजमध्ये त्यांना प्रवेश मिळाला. याच लॉजमध्ये १८८४ साली नरेंद्रनाथ दत्त नावाचा एकवीस वर्षांचा तरुण दाखल झाला. पुढे तो स्वामी विवेकानंद म्हणून जगाला माहीत झाला.

एकदा दार उघडल्यावर देशी सभासद वाढत गेले. मुंबईत खुर्शेदजी रुस्तमजी कामा या पारशी विद्वानांनी मेसनांमध्ये मोठं स्थान मिळवलं. मुंबईतल्या देशी मेसनांचा इतिहास त्यांनी व्याख्यानातून मांडला, तो १८७७ साली छापून निघाला. दादाभाई नौरोजी, फिरोजशहा मेहता, मोतीलाल नेहरू हेही मेसन होते.

आज भारतातल्या लॉजमध्ये एकाच चौरंगावर गीता, बायबल, कुराण, गुरू ग्रंथसाहिब आणि अवेस्ता ठेवलेले असतात. ज्याचा जो ग्रंथ, त्यावर त्याची शपथ. ही पद्धत कुणी सहज दिलेली नाही, तिच्यामागे वर्षानुवर्षांचे अर्ज आहेत.

हॉल उभा राहिला

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मुंबईत लॉज बरीच झाली होती. काही इंग्लंडच्या संस्थेला जोडलेली, काही स्कॉटलंडच्या. सगळ्यांना मिळून एक कायमची जागा हवी, या गरजेतून फोर्टातला हा हॉल उभा राहिला. समोरचे उंच खांब ग्रीक-रोमन धाटणीचे आहेत. आतल्या मुख्य दालनात तीच काळी-पांढरी फरशी, तीच पूर्वेची खुर्ची. एकच दालन वेगवेगळ्या लॉजना वेगवेगळ्या दिवशी मिळतं, जसं गावातलं समाजमंदिर आज एका मंडळाला, उद्या दुसऱ्याला.

हॉल आजही वापरात आहे. सभा भरतात, वर्गणी जमते, त्यातून दानधर्म होतो. अशा शेकडो जुन्या वास्तू पडून गेल्या असताना ही टिकली, याचं कारण साधं आहे: तिचा मालक आणि वापर दोन्ही बदलले नाहीत.

खरा गवंडी कुठे होता?

आता या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग. गुण्या आणि ओळंबा खूण म्हणून गळ्यात घालणाऱ्या या सभेत खरा गवंडी नव्हता. वर्गणी त्याला परवडणारी नव्हती, भाषा इंग्रजी होती आणि शिफारस करायला आतला माणूस लागायचा. हॉलचे दगड ज्यांनी घडवले, त्यांचं काम संपलं की त्यांच्यासाठी दार बंद झालं. पाणसळीची शिकवण चार भिंतींच्या आतली, आणि त्या भिंतींच्या आत फक्त बडी मंडळी. बायकांना तर मुळात प्रवेशच नव्हता. भारताच्या मुख्य संस्थेत तो आजही नाही.

त्याच काळात महाराष्ट्रात दुसऱ्या सभाही निघाल्या. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस मंडळी काढली. तीही गुप्त. मराठी व्याकरण लिहिणारे ते हेच दादोबा. मंडळीत येणाऱ्याला जातिभेद मानणार नाही अशी शपथ घ्यावी लागे आणि ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. साहेबांनी काढलेली पंगतीची शंका आपल्याच माणसांनी अशी आतून सोडवायला घेतली होती. पण बाहेर कळलं तर गावकी आणि जात वाळीत टाकणार, म्हणून सगळं लपूनछपून. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी फुटली आणि मंडळी मोडली. त्यातल्याच काहींनी पुढे १८६७ साली प्रार्थना समाज उघडपणे सुरू केला.

मग २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. फुले स्वतः बांधकामाची कंत्राटं घेत आणि साहित्य पुरवत. मुंबईत मोठ्या इमारतींची कामं करणारे तेलुगू समाजातले कंत्राटदार समाजाच्या पाठीशी उभे राहिले. व्यंकू बाळोजी काळेवार, रामय्या अय्यावारू ही त्यातली नावं. इथे शपथ होती, पण ती बेलभंडार उचलून. गुप्त शब्द नव्हता आणि तलवारवाला पहारेकरीही नव्हता. दगड, चुना, वीट यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध, ती माणसं या सभेत बसत होती.

दोन्ही सभा माणसं समान आहेत असंच सांगत होत्या. एकीने ते बंद दाराआड सांगितलं, दुसरीने गावाच्या चावडीपर्यंत नेलं. मुंबईच्या हॉलचं आपल्या इतिहासातलं स्थान ठरवताना हा फरक विसरून चालणार नाही.

अफवा किती खऱ्या?

‘काँग्रेस मेसनांनी काढली’ असंही एक वाक्य फिरत असतं. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत, गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात भरलं. सुरुवातीच्या पुढाऱ्यांत मेसन होते हे खरं. अजेंडा कसा ठेवायचा, ठराव कसा मांडायचा, मत कसं घ्यायचं, अध्यक्षाला विचारूनच कसं बोलायचं, याचा सराव अनेकांना अशा सभांतून मिळाला असणार. पण तो सराव नगरपालिकेतून, वकिलीतून आणि सार्वजनिक सभेसारख्या संस्थांतूनही मिळत होता. तेवढ्यावरून काँग्रेस लॉजमध्ये जन्मली असं म्हणणं म्हणजे राईचा पर्वत.

सैतानाच्या पूजेचं म्हणाल, तर परमेश्वरावर विश्वास ही तिथली पहिलीच अट आहे. धर्म आणि राजकारणावर लॉजमध्ये वाद घालायचा नाही असाही नियम आहे. एकमेकांना नोकरी-धंद्यात हात देणं मात्र चालायचं. ओळखीच्या माणसाला झुकतं माप मिळतं, ही तक्रार मेसनांवर जगभर झाली, आणि ती विचार करण्यासारखी आहे. त्यासाठी भुताची गरज नाही. आपल्याकडच्या सोसायटी आणि बाजार समितीच्या निवडणुका बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर

इंग्रज गेले तरी लॉज राहिली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली आणि बरीच लॉज तिच्याखाली आली. या मंडळींनी दिल्लीत शाळा, कोइमतूरला मुलांचं हॉस्पिटल असं कामही उभं केलं.

लाहोरला मात्र उलट झालं. तिथे लोक मेसनांच्या हॉलला जादूघर म्हणायचे. मुंबईत जन्मलेला इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग १८८६ साली लाहोरमध्येच मेसन झाला, तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. १९७२ साली पाकिस्तान सरकारने संघटनेवर बंदी घातली आणि मॉल रोडवरचा तिथला हॉल सरकारी कचेरीसाठी घेतला गेला. इमारत उभी आहे, सभा गेली. एकाच प्रकारच्या दोन वास्तू, फाळणीच्या दोन बाजूंना, दोन वाटांनी गेल्या.

आपल्या तालुक्यात जुना ‘भूतबंगला’ असेल तर

छावणी, जुनं रेल्वे ठाणं किंवा कलेक्टर कचेरीच्या आसपास अशी एखादी पडकी इमारत बहुतेक ठिकाणी असते. ती मेसनांचीच असेल असं नाही. क्लब, डाकबंगला, शाळा, पारशी शेठची कोठी, काहीही असू शकतं. शोधायचं असेल तर सुरुवात अशी करता येते.

पहिलं, कोनशिला बघा. दाराशेजारच्या कोपऱ्यात, जमिनीपासून हात-दोन हात उंचीवर ती असते. बऱ्याचदा तिच्यावर चुन्याचे थर चढलेले असतात. दारावर किंवा भिंतीवर गुण्या-कंपासची खूण आहे का तेही बघा.

दुसरं, जागेचा कागद काढा. शहर हद्दीत असेल तर सिटी सर्व्हेचं मिळकत पत्रक, गावात असेल तर सातबारा आणि जुने फेरफार. छावणीच्या जागांच्या नोंदी छावणी परिषदेकडे असतात.

तिसरं, जुनं गॅझेटियर वाचा. इंग्रजी अमदानीत जिल्ह्यांची गॅझेटियर छापली गेली. त्यात गावाच्या नोंदीखाली क्लब, चर्च, शाळा, धर्मशाळा यांचा उल्लेख सापडतो. राज्य सरकारच्या दर्शनिका विभागाने अनेक खंड इंटरनेटवर ठेवले आहेत, मोबाईलवरही वाचता येतात. मराठवाड्याच्या नोंदी निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या कागदांत आणि विदर्भाच्या मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या कागदांत शोधाव्या लागतात.

चौथं, गावातल्या सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या माणसांना विचारा, आणि खास करून ज्यांच्या घरातलं कुणी त्या बंगल्यावर माळी, खानसामा, गाडीवान किंवा गवंडी म्हणून कामाला होतं त्यांना. साहेबांचे कागद लंडनला आणि एडिंबराला जपून ठेवलेत. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसांनी काय पाहिलं हे मात्र कुठल्याही दप्तरात मिळणार नाही.

इमारत रंगवायची किंवा पाडायची ठरली असेल, तर त्याआधी कोनशिलेचा एक स्वच्छ फोटो काढून ग्रामपंचायतीत किंवा शाळेत ठेवा. त्यावरची तारीख आणि नावं पुढच्या पिढीला लागतील.